फटफटीचा दिवा
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. लढाया, तह आणि सनावळ्या यांनाच इतिहास म्हणण्याची आपणांस इतकी संवय झालेली असते कीं, मोटारसायकलच्या तोंडाशीं बसविलेल्या वीतभर व्यासाच्या दिव्यालाहि कांहीं इतिहास असूं शकेल, हें चटकन् ध्यानांत येत नाहीं. तथापि बाहेरगांवीं गेलेला मुलगा रात्रीं सुखरूप परत येईपर्यंत ज्या घरांत कोणाचा डोळ्याला डोळा लागत नाहीं, त्या घरास या दिव्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. आज मध्यम स्थितींतील बहुतेक घरांच्या दारांत एखादी दुचाकी उभी असते. आणि ती घेतल्यावर थोड्याच दिवसांत "दिवा जरा जोरदार करून घेऊं" असा विचार घरांतील तरुणाच्या मनांत येतो. हा विचार नवा नाहीं. फटफटी जितकी जुनी, जवळजवळ तितकाच तोहि जुना आहे. त्याचा मागोवा घ्यावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

वाहनाच्या दिव्याचीं कामें तीन आहेत. पहिलें, आपण दुसऱ्यास दिसणें. दुसरें, आपणांस वाट दिसणें. आणि तिसरें, समोरून येणारास त्याची वाट दिसूं देणें. मनुष्य हीं कामें याच क्रमानें शिकला. पहिलें तो सहज शिकला, दुसऱ्यासाठीं त्यास रसायनशास्त्र आणि विद्युच्छास्त्र यांचा आश्रय करावा लागला, आणि तिसरें तर तो अद्यापि पुरतें शिकला आहे, असें म्हणवत नाहीं.

प्रथम पहिल्या कामाकडे वळूं. बैलगाडीच्या आंसाखालीं डोलणारा कंदील आपल्यापैकीं वडील मंडळींनीं पाहिला असेल. त्या कंदिलाच्या उजेडांत गाडीवान वाट पाहत नसे; वाट बैलांना ठाऊक असे, आणि गाडीवान बहुधा डुलक्या घेत असे. मागून किंवा पुढून येणारास येथें गाडी आहे हें कळावें, इतकाच त्या कंदिलाचा हेतु. विलायतेंत सायकली वाढल्या, तेव्हां त्यांवरील दिव्याचाहि मूळ हेतु हाच होता. इंग्लंडांत १८८८ सालच्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यानें सायकलीस 'गाडी' ठरविलें, आणि सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वीं एका तासापर्यंत तिच्यावर दिवा असलाच पाहिजे, असें फर्माविलें. बर्मिंगहॅम शहराच्या गल्ल्यांतून गाडा ढकलीत घासलेट विकणारा जोसेफ ल्यूकस नांवाचा एक गृहस्थ होता. त्यानें १८८० च्या सुमारास सायकलीच्या दिव्याचा धंदा आरंभिला, आणि आपल्या दिव्यास 'किंग ऑफ द रोड', म्हणजे 'रस्त्याचा राजा', असें भारदस्त नांव दिलें. तो राजा घासलेटाच्या वातीवर जळे, खड्डा आला कीं विझे, आणि चार पावलांपलीकडचें कांहींहि दाखवीत नसे. परंतु त्याच्याकडून तशी अपेक्षाहि नव्हती. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरांत दिव्याविना सायकल हांकणारास पोलीस अडवीत, हें पुष्कळांस आठवत असेल. तेथेंहि पोलिसाची मागणी एवढीच असे कीं, स्वाराची चाहूल दुरून लागली पाहिजे.

पायांनीं चालविलेल्या सायकलीस एवढें पुरत होतें. पुढें सायकलीस यंत्र जोडलें गेलें आणि हिशेब बदलला. जर्मनींत गोट्लिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं पेट्रोलच्या यंत्रावर चालणारी लांकडी दुचाकी सिद्ध केली. तिचा वेग ताशीं बारा किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे टांग्याच्या घोड्याइतकाच होता. परंतु १८९४ सालीं म्यूनिक शहरीं हिल्डेब्रांड आणि वोल्फमूलर यांनीं जी गाडी विक्रीसाठीं बनविण्यास आरंभ केला, ती ताशीं चाळीस किलोमीटरांच्याहि वर धांवूं शके. आतां साधें गणित पाहा. ताशीं बारा किलोमीटर वेगानें जाणारा स्वार एका सेकंदांत सव्वातीन मीटरांहून किंचित् अधिक पुढें सरकतो; ताशीं साठ किलोमीटर वेगाचा स्वार त्याच एका सेकंदांत जवळजवळ सतरा मीटर ओलांडतो. पुढें दगड आहे हें डोळ्यांस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एखादा सेकंद निघून जातो. गाडी थांबण्यास लागणारें अंतर याखेरीज. म्हणजे वेग वाढला कीं दृष्टीचा पल्लाहि वाढला पाहिजे. आणि येथें सृष्टीचा एक नियम आडवा येतो. दुप्पट अंतरावरील वस्तु तितकीच उजळ दिसावयास दुप्पट नव्हे, तर चौपट प्रकाश लागतो. वेग वाढविणें सोपें. प्रकाशानें त्या वेगाशीं बरोबरी करणें फार कठीण. घासलेटाच्या वातीचें तें काम नव्हतें.

हें दुसरें काम प्रथम कोणीं पतकरलें असेल, तर तें कार्बाइडनें. या वस्तूशीं आपला परिचय निराळ्या मार्गानें आहे. कच्चे आंबे झटपट पिकविण्यासाठीं लबाड व्यापारी जी पूड पेटींत ठेवतात, आणि जिचा तसा उपयोग करण्यास कायद्यानें बंदी आहे, तीच ही. १८९२ सालीं अमेरिकेंत टॉमस विल्सन हा विजेच्या भट्टींत चुना आणि डांबर तापवून कांहीं धातूंच्या शोधांत होता. धातु मिळाला नाहीं. मिळाले काळसर दगड. त्यांवर पाणी पडतांच एक वायु निघाला, आणि तो पेटविला असतां तेजस्वी ज्योत देऊं लागला. हा ॲसिटिलीन वायु. एडमंड डेव्हीनें तो १८३६ सालींच शोधून काढला होता. परंतु स्वस्त कार्बाइड निघेपर्यंत तो प्रयोगशाळेंतच पडून होता.

या वायूचा दिवा ही मोठी सुटसुटीत युक्ति होती. खालच्या डब्यांत कार्बाइडचे खडे, वरच्या डब्यांत पाणी, आणि दोहोंच्या मध्यें एक बारीक चावी. चावी सैल केली कीं पाणी थेंबथेंब खालीं पडावें, वायु निघावा, आणि रबराच्या नळींतून तो पुढील दिव्यांत जाऊन जळावा. त्याची ज्योत लहान, पांढरी आणि अतिशय प्रखर असे. ज्योत लहान असणें हा यांतील मोठाच गुण होय. अंतर्गोल आरशाच्या नाभीशीं प्रकाशाचा उगम जितका लहान, तितका त्याचा झोत एकवटलेला निघतो. घासलेटाची वात पसरट. तिचा प्रकाश आरशांतूनहि पसरटच बाहेर पडे. ॲसिटिलीनमुळें रात्रीच्या रस्त्यावर प्रथमच खराखुरा झोत दिसूं लागला.

अर्थात् या दिव्याचे हालहि पुष्कळ होते. खाचखळग्यांच्या वाटेवर पाणी हिंदकळे आणि ज्योत एकदम भडके. थंड मुलखांत पाणी गोठे आणि ज्योत बसे. मुक्कामीं पोंचून चावी बंद केली तरी भिजलेले खडे कांहीं काळ वायु सोडीतच राहत, आणि लसणीसारखा वास घरभर पसरे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डब्यांतील चुन्याचा चिखल खरवडून काढणें, हें स्वाराचें नित्यकर्म होऊन बसलें. म्हणून हा वायु अगोदरच टाकींत भरून ठेवतां येईल काय, असा विचार सुरू झाला. परंतु ॲसिटिलीन नुसता दाबून भरला तर तो आपोआप स्फोट पावतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं तो ॲसिटोन नांवाच्या द्रवांत विरघळविण्याची युक्ति काढली; स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यानें टाकी भरण्यासाठीं एक उत्तम सच्छिद्र पदार्थ शोधून तो धोका पुष्कळच कमी केला. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनीं १९०४ सालीं अशा टाक्यांचा धंदा काढला. 'प्रेस्ट-ओ-लाइट' नांवाची ही टाकी मोटारींवर आणि मोटारसायकलींवर दिसूं लागली. ती रिकामी झाली कीं दुकानीं देऊन भरलेली घ्यावयाची, जशी आज आपण स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बदलून घेतों.

डालेनविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. समुद्रांतील दीपस्तंभ दिवस उजाडतांच आपोआप विझावे आणि अंधार पडतांच पेटावे, अशी योजना त्यानें केली, आणि त्याबद्दल १९१२ सालीं त्यास पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं ॲसिटिलीनच्या टाक्यांची परीक्षा पाहत असतां स्फोट होऊन त्याचे दोन्ही डोळे गेले. जगास उजेड देणारा हा मनुष्य पुढें १९३७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, अंधारांतच आपला कारखाना चालवीत राहिला. रात्रीच्या वाटेवरील प्रकाश आपणांस फुकट मिळालेला नाहीं, याची आठवण ठेवण्यास हें एक उदाहरण पुरे आहे.

वायूनंतर वीज. वास्तविक विजेचा दिवा घरांत १८८० नंतर हळूहळू येऊं लागला होता. मग फटफटीवर येण्यास त्याला आणखी तीस वर्षें कां लागलीं? याचें उत्तर त्याच्या तंतूंत आहे. आरंभींचा कोळशाचा तंतु नाजूक. फटफटीच्या हादऱ्यांत त्याचा टिकाव लागणें कठीण. १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील विल्यम कूलिज यानें टंग्स्टन या हट्टी धातूची लवचिक तार ओढण्याची कृति साधली, आणि चिवट तंतूचा बल्ब निघाला. १९१४ सालीं 'इंडियन' नांवाच्या अमेरिकन कंपनीनें विजेचे दिवे आणि विजेनें सुरू होणारें यंत्र असलेली मोटारसायकल बाजारांत आणली. तिच्या बॅटऱ्यांनीं दगा दिला आणि ती गाडी एका वर्षांतच बंद पडली. परंतु दिवे राहिले. पुढच्याच वर्षीं हार्ले-डेव्हिडसननेंहि विजेचे दिवे देण्यास आरंभ केला.

इंग्लंडांत १९२० नंतरच्या दशकांत एक मौजेची चाल होती. मोटारसायकल विकत घेतांना पुष्कळदां दिवे तिच्या किंमतींत धरलेले नसत. कार्बाइडचे घ्यावयाचे, कीं जास्त पैसे मोजून विजेचे घ्यावयाचे, हें गिऱ्हाइकानें ठरवावयाचें. ज्याच्या खिशास आज विजेचा दिवा परवडत नसे, तो कार्बाइडवर भागवी आणि पुढें सवडीनें पालट करी. ल्यूकसच्या कारखान्यानें ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि वीज देणारा डायनॅमो यांची जोडी एकाच सांगाड्यांत बसवून 'मॅगडायनो' काढला, आणि ब्रिटिश फटफट्यांवर तो वर्षानुवर्षें टिकला. दाब सहा व्होल्टांचा, बल्ब बहुधा चोवीस ते तीस वॅटचा. घरांतील चाळीस वॅटच्या मिणमिणत्या दिव्याहूनहि कमी शक्तीचा हा बल्ब. परंतु आरशामुळें त्याचा झोत कामापुरता पोंचे. हें विजेचें सामान रस्त्यांत मान टाकी, तेव्हां स्वार मंडळी चिडून ल्यूकसला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. 'रस्त्याचा राजा' या पदवीचा काळानें घेतलेला हा सूडच म्हणावयाचा!

अशा रीतीनें दुसरें काम मार्गीं लागलें. आणि तें लागतांच तिसऱ्याची गरज उघडी पडली. आपला दिवा लांबवर पोंचूं लागला, म्हणजेच तो समोरच्याच्या डोळ्यांतहि पोंचूं लागला. मनुष्याचा डोळा अंधाराला पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. प्रखर झोतानें तो सराव क्षणांत मोडतो. डोळे दिपल्यावर तीनच सेकंद कांहीं दिसलें नाहीं असें धरलें, तरी ताशीं साठ किलोमीटर वेगाचा स्वार तेवढ्या वेळांत पन्नास मीटर आंधळेपणानें जातो. त्या पन्नास मीटरांत रस्त्याच्या कडेनें चालणारा वाटसरू असेल, न दिवा लावलेली बैलगाडी असेल, किंवा खोदून ठेवलेला खड्डा असेल. आणि तो स्वार आंधळा झाला कीं त्याच्या वाटेंत आपणहि असतोंच! दुसऱ्याचे डोळे दिपविणारा स्वतःच्याच अंगावर एक आंधळा सोडीत असतो, हें येथें नीट लक्षांत ठेविलें पाहिजे.

यावर प्रथम उपाय निघाले ते हातचे. कोणी दिवाच खालीं वांकविण्याची दांडी बसवी, तर कोणी आरसा हलविण्याची योजना करी. खरी सोय झाली ती १९२५ सालीं, जर्मनींतील ओस्राम कंपनीनें 'बायलक्स' नांवाचा दोन तंतूंचा बल्ब काढला तेव्हां. एक तंतु आरशाच्या नाभीवर. त्याचा झोत सरळ लांब जातो. दुसरा तंतु त्याच्या किंचित् पुढें, आणि त्याच्याखालीं पातळ पत्र्याची एक चिमुकली पन्हळ. ही पन्हळ आरशाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा प्रकाश अडविते. कारण तेथून परावर्तन पावलेला प्रकाशच वर, समोरच्याच्या डोळ्यांत, जातो. एक कळ दाबावी, आणि लांबचा झोत जाऊन जवळचा यावा. आपण ज्याला 'डिपर' म्हणतों तो हाच. रात्रीं डिपर वापरा अशी मालमोटारींच्या पाठीवर रंगविलेली इंग्रजी विनंति आपण कित्येकदां वाचली असेल. तिच्यामागें या नखाएवढ्या पत्र्याचा इतिहास आहे. पुढें १९५७ च्या सुमारास युरोपांत याहून एक पाऊल टाकलें गेलें. खालचा झोत समोरून येणाऱ्याच्या बाजूस खालीं दाबलेला आणि रस्त्याच्या आपल्या कडेस थोडा उचललेला, असा तिरपा कापला जाऊं लागला. म्हणजे वाटसरू दिसावा, पण समोरचा दिपूं नये.

दिवा मुळींच दाबला तर काय होतें, याचाहि धडा इतिहासानें दिला आहे. १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध सुरू होतांच इंग्लंडांत दिवाबंदी झाली. वाहनांच्या दिव्यांवर फटी पाडलेलीं झांकणें बसलीं. त्याच महिन्यांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू होऊन खासगी गाड्या रस्त्यावरून कमी झाल्या. तरीहि अपघातांतील मृत्यु वाढले. १९३८ सालीं तेथें रस्त्यांवर ६,६४८ माणसें दगावलीं होतीं. १९४१ सालीं तो आंकडा ९,१६९ वर गेला. शेवटीं पदपथांच्या कडांना आणि गाड्यांच्या पंख्यांना पांढरा रंग फांसून लोकांनीं कसाबसा मार्ग काढला. १९७१ च्या डिसेंबरांत मुंबईकरांनींहि दिवाबंदीच्या कांहीं रात्री अनुभविल्या. खिडक्यांच्या तावदानांस कागद चिकटविल्याचें आज साठी ओलांडलेल्यांस आठवत असेल. तात्पर्य, अंधारानें माणूस मरतो आणि बेताल उजेडानेंहि मरतो. दिव्याची सारी विद्या या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेंत आहे.

आतां आपल्या देशाकडे येऊं. १९५५ सालीं मद्रास येथें 'बुलेट' या मूळच्या ब्रिटिश फटफटीची जुळणी सुरू झाली. त्यानंतर म्हैसूर येथें 'जावा' आणि उत्तरेंत 'राजदूत' बनूं लागली. या साऱ्या गाड्या कित्येक वर्षें सहा व्होल्टांवर चालल्या. ज्यांनीं त्या चालविल्या, त्यांना त्यांच्या पिंवळ्या उजेडाची आठवण निराळी करून देण्याचें कारण नाहीं. पुष्कळ स्कूटरींत तर दिव्याची वीज बॅटरीवांचून थेट यंत्रापासून येई. यंत्राचा वेग मंदावला कीं दिवाहि मंदावे. खड्डा आला म्हणून वेग कमी करावा, तों नेमका त्याच क्षणीं खड्डा दिसेनासा व्हावा! कित्येक मंडळी एका हातानें क्लच दाबून दुसऱ्या हातानें यंत्राचा आवाज वाढवीत, आणि अशा रीतीनें वाट पाहत घरीं जात.

या मंद उजेडाचें खापर बहुतेक जण बल्बावर फोडीत. वास्तविक दोष पुष्कळदां तारांत असे, आणि आजहि असतो. एक उदाहरण घेऊं. तीस वॅटच्या दिव्यास सहा व्होल्टांवर पांच अँपियर प्रवाह लागतो. जुनाट तारा, गंजलेले सांधे आणि झिजलेली कळ यांचा मिळून अडथळा पंचमांश ओहम धरला, तर वाटेंतच एक व्होल्ट खर्चीं पडतो. सहांतून एक गेला, राहिले पांच. आपण म्हणाल, षष्ठांश गेला तर गेला! पण तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा कीं, दाब थोडा उतरला तर प्रकाश फार उतरतो. दाब दहा टक्क्यांनीं घटला, तर प्रकाश सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. आणि षष्ठांश दाब गेला, तर जवळजवळ अर्धा प्रकाश जातो. तोच दिवा बारा व्होल्टांवर चालविला, तर प्रवाह निम्मा, वाटेंतील तूट अर्ध्या व्होल्टाची, आणि प्रकाशाची हानि सातांत एक भागाच्या आसपास. पुढील काळांत फटफट्या बारा व्होल्टांवर कां गेल्या, याचें एक मोठें कारण या शाळकरी गणितांत सांपडतें. आणि जुन्या गाडीच्या मालकास यांतून एक शहाणपणहि शिकतां येतें. नवा बल्ब आणण्यापूर्वीं सांधे घांसून स्वच्छ करावे, गाडीच्या सांगाड्याशीं जोडलेली परतीची तार घट्ट आंवळावी, आरशाचा कळकटपणा पाहावा. कांहीं न वाढवितां उजेड वाढल्याचा अनुभव येईल.

बल्बाची खरी मोठी सुधारणा म्हणजे हॅलोजन. साध्या बल्बांत तापलेल्या तंतूची वाफ होऊन ती कांचेवर काजळीसारखी बसे. बल्बांत आयोडीनसारख्या पदार्थाचा अंश भरला, तर तो या वाफेस कांचेवर बसूं न देतां परत तंतूकडे पोंचवितो, असें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सिद्ध झालें. त्यामुळें तंतु अधिक तापवितां येऊं लागला. युरोपांत १९६२ सालीं असा एका तंतूचा मोटारीचा बल्ब आणि १९७१ सालीं 'एच-चार' हा दोन तंतूंचा बल्ब निघाला. याचा लांबचा तंतु साठ वॅटचा आणि जवळचा पंचावन्न वॅटचा. प्रकाश अनुक्रमें १,६५० आणि १,००० ल्यूमेन. लहान दुचाक्यांसाठीं पस्तीस वॅटचा भाऊबंदहि आहे. त्याचा प्रकाश ८२५ आणि ५२५ ल्यूमेन, म्हणजे निम्मा. या बल्बाच्या कांचेस उघड्या बोटांनीं शिवूं नये. बोटांचा स्निग्धपणा त्या भयंकर उष्णतेंत कांचेचा घात करतो.

येथें आपला तरुण पुन्हां पुढें येतो. पस्तीसच्या जागीं साठ बसला, मग साठाच्या जागीं बाजारांत मिळणारा शंभर वॅटचा कां नको? नको, याचीं कारणें साधीं आहेत. शंभर वॅटला बारा व्होल्टांवर आठ अँपियरांहून अधिक प्रवाह लागतो. हातापाशींची नाजूक कळ तो सोसत नाहीं, बारीक तारा तापतात, आरशाचें प्लॅस्टिक वितळतें, आणि जनित्र पुरें पडलें नाहीं कीं बॅटरी उपाशी मरते. प्रवाह वाढवावयाचाच असेल, तर बॅटरीपासून जाड तार थेट दिव्यापर्यंत न्यावी, मध्यें फ्यूज घालावा, आणि हातच्या कळीकडे केवळ 'रिले' नांवाचा विजेचा द्वारपाल हलविण्याचें काम ठेवावें. परंतु त्याहि आधीं आपलें जनित्र किती वॅटचें आहे तें पाहावें. मिळकत न पाहतां वाढविलेला खर्च संसारांत जसा अंगाशीं येतो, तसाच तो येथेंहि येतो.

आजचा शेवटचा पालट म्हणजे एलईडी. निळा प्रकाश देणारा असा दिवा करण्याचें काम जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनीं साधलें, आणि २०१४ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. निळ्यावर पिंवळ्या लेपाचा संस्कार झाला कीं पांढरा प्रकाश मिळतो. तोहि एका वॅटमागें हॅलोजनच्या कित्येक पट. ज्या गाडीचा संपूर्ण दिवाच या पद्धतीनें घडविलेला आहे, तिचा उजेड उत्तम असतो. परंतु हॅलोजनसाठीं घडविलेल्या आरशांत नुसता एलईडीचा बल्ब खुपसला, तर काय होतें? आरशाचा प्रत्येक बांक तंतूची ठराविक जागा धरून आंखलेला असतो. नव्या बल्बांतील ठिपके त्या जागीं नेमके येत नाहींत. पन्हळीचें कामहि ओबडधोबड होतें. प्रकाश भरपूर निघतो, पण तो झाडांवर, घरांच्या छपरांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत सांडतो. हांकणारास आपल्यापुढें सर्वत्र लख्ख दिसून समाधान वाटतें; रस्ता मात्र दूरवर पूर्वींहून अधिक दिसत असतोच, असें नाहीं. तसेंच रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालणाऱ्या देशांसाठीं बनलेला दिवा आपल्याकडे बसविला, तर त्याचा उचललेला कोपरा नेमका समोरून येणाऱ्यावर पडतो.

आपल्याकडे हा तिसऱ्या कामाचा विचार मुळींच नव्हता, असें मात्र नाहीं. मोटारींच्या दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागास काळा रंग फांसण्याची, किंवा मधोमध काळा ठिपका देण्याची वहिवाट पुष्कळांनीं पाहिली असेल. उपाय ओबडधोबड, परंतु हेतु चांगला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर हें मापानिशीं सांगितलें आहे. दिव्यापासून आठ मीटरांवर, किंचित् उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसास तो दिवा दिपविणारा असतां कामा नये. दीड मीटर म्हणजे किती? रस्त्यानें चालत येणाऱ्या सामान्य माणसाच्या डोळ्यांची ही उंची. नियम करणारांनीं मोजपट्टी बल्बाला लावली नाहीं. ती समोरच्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांस लावली. दिव्याच्या इतिहासांतील मला सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

दिवा सुधारूं इच्छिणारास म्हणून माझें सांगणें थोडक्यांत असें. आधीं आहे तो दिवा पुरता जागा करावा. मग शक्ति वाढवावयाची तर गाडीच्या मिळकतीप्रमाणें, आणि त्या आरशास जो बल्ब मानवतो त्याच जातीची वाढवावी. शेवटीं सपाट जागीं, भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून, जवळचा झोत भिंतीवर दिव्याच्या उंचीहून खालींच पडतो ना, हें पाहावें. हें करतांना स्वतः गाडीवर बसावें, आणि नेहमीं मागें कुटुंब बसत असेल तर त्यांसहि बसवावें; कारण मागें भार पडला कीं गाडीचें तोंड वर होतें आणि दिवा आकाशाकडे पाहूं लागतो. एवढें केल्यावर समोरून कोणी येतांना दिसतांच डिपरच्या कळीकडे जाणारा अंगठा, ही सर्वांत स्वस्त सुधारणा. ती कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

१ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत नव्या दुचाक्यांचा दिवा यंत्र सुरू होतांच आपोआप लागतो, दिवसाढवळ्याहि. भर उन्हांत दिवा कशाला, असें म्हणून प्रारंभीं पुष्कळांनीं समोरच्या स्वारास हातानें खुणा केल्या. पण आतां आपल्या ध्यानांत येईल कीं, हें दिव्याचें अगदीं पहिलें काम आहे. आंसाखालचा कंदील जें करीत असे, तेंच हा आजचा दिवा करीत आहे. येथें एक जीव चालला आहे, एवढेंच तो इतरांस सांगतो. त्या पहिल्या कामाचा मान कायद्यानें राखला, दुसऱ्याचा शास्त्रानें राखला. तिसरें काम मात्र प्रत्येकाच्या डाव्या अंगठ्यावर सोंपविलेलें आहे. आणि समोरून येणारा तो अनोळखी मनुष्यहि कोणाच्या तरी घरीं वाट पाहिला जाणारा मुलगा किंवा मुलगी असते.